पुकारा झाला, प्रतिवादी गैरहजर

समन्स घेतलेच नाही तर केस चालेलच कशी, असे आपल्याकडे प्रश्न म्हणून फारसे कुणी विचारत नाही. सल्ला म्हणून देतात. बेलिफ आला की ‘घरात नाहीत’ म्हणून सांगायचे, पोस्टमनने पाकीट पुढे केले की सही करायची नाही, मग कोर्टाचे काम आपोआप खोळंबेल, अशी ही समजूत. तिच्यापायी माणसांनी जमिनी घालवल्या आहेत, राहती घरे घालवली आहेत. कोर्टाचे काम खोळंबत नाही. समोरचा आला नाही तर ते एकाच बाजूचे ऐकून पुढे जाते आणि निकाल देते. यालाच एकतर्फी हुकूमनामा म्हणतात, आणि तो रद्द होईपर्यंत त्याचे वजन दोन्ही बाजूंनी लढून झालेल्या हुकूमनाम्याइतकेच असते. त्याच्या आधारे जप्ती येते, ताबा जातो, लग्न मोडते.

एवढे वाचून एकतर्फी निकाल म्हणजे अन्यायच, असे कुणाला वाटेल. तसे मात्र नाही. उसने पैसे बुडवून गाव सोडलेल्या माणसापुढे, पोटगी चुकवण्यासाठी सतत पत्ते बदलणाऱ्या नवऱ्यापुढे कोर्टाने हात टेकले असते, तर दावा लावण्यालाच काही अर्थ उरला नसता. लपून बसणे हाच सर्वांत स्वस्त बचाव ठरला असता. म्हणून कायद्याला हा मार्ग ठेवावा लागला, आणि ठेवताना न आलेल्या माणसाच्या वतीने बऱ्याच गोष्टी तपासून घेण्याची जबाबदारी न्यायाधीशावर टाकावी लागली. ही तपासणी नीट होते तेव्हा एकतर्फी निकाल न्याय्य असतो. ती उरकली जाते तेव्हा काय होते, ते पुढे येईलच.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या ९ व्या आदेशात गैरहजेरीचा सगळा हिशेब मांडला आहे. तारखेला शिपाई पुकारा करतो. वादी-प्रतिवादी दोघेही नसतील तर दावा काढून टाकता येतो. प्रतिवादी आला आणि वादीच आला नाही, तर दावा फेटाळला जातो, आणि त्याच कारणावरून वादीला नवा दावा लावता येत नाही; सबळ कारण दाखवून जुनाच दावा पुन्हा फायलीवर घ्यायची विनंती करावी लागते. म्हणजे गैरहजेरी वादीलाही महागात पडते. तिसरी शक्यता आपल्या विषयाची: वादी हजर, प्रतिवादी गैरहजर. अशा वेळी न्यायाधीशाने सर्वांत आधी समन्सचा अहवाल पाहायचा असतो. समन्स रीतसर बजावले गेले असेल, तरच दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश करता येतो. बजावलेच गेले नसेल तर दुसरे समन्स काढायचे. बजावले, पण तारीख इतकी जवळची होती की हजर राहून जबाब द्यायला पुरेसा अवधीच नव्हता, तर तारीख पुढे द्यायची.

सगळा डोलारा या एका कागदावर उभा आहे, म्हणून तो कसा पोचतो हे बारकाईने पाहायला हवे. पहिला नियम असा की, शक्य असेल तिथे समन्स खुद्द प्रतिवादीच्या हातात द्यायचे. तो घरी नसेल आणि वाजवी वेळात भेटण्याचीही शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ व्यक्तीला देता येते. जुन्या संहितेत इथे फक्त प्रौढ पुरुष चालत असे. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांनाही हा अधिकार दिला. घरातला नोकर मात्र कुटुंबीय धरला जात नाही. कुणी घेत नसेल किंवा कसून शोधूनही कुणी सापडत नसेल, तर बेलिफाने समन्सची प्रत दारावर डकवायची, आणि घर कुणी दाखवले, प्रत कुणासमक्ष डकवली, त्यांची नावे-पत्ते अहवालात लिहायचे. हा अहवाल शपथेवर नसेल, तर कोर्टाने बेलिफाला बोलावून त्याची तपासणी करायची, असे कायदा सांगतो. टपालाने पाठवलेले पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आले, तर समन्स बजावले गेले असेच धरले जाते. म्हणजे सही न करण्याच्या त्या प्रसिद्ध सल्ल्याचा उपयोग एवढाच, की कागद आपल्या हाती राहत नाही आणि बजावणी तर होऊनच जाते. दाव्यात काय लिहिले आहे हे कळायची सोयही माणूस स्वतःच्या हाताने घालवतो. ‘पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्याची गोष्ट वेगळी. ती बजावणी नव्हे, आणि तशी धरली गेली असेल तर पुढे तोच मुद्दा कामाला येतो.

माणूस मुद्दाम तोंड चुकवतो आहे अशी कोर्टाची खात्री झाली, तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स देता येते. ते वर्तमानपत्र प्रतिवादी शेवटचा जिथे राहत होता, त्या भागात खपणारे असले पाहिजे. छोट्या जाहिरातींच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली ही समन्से किती जण वाचतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. तरी कायद्याच्या दृष्टीने ती हातात दिलेल्या समन्साइतकीच परिणामकारक असतात.

अलीकडे फोनवरूनही बजावणी होऊ लागली आहे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी वसुलीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. संदेशापुढच्या निळ्या खुणा दाखवत होत्या की नोटीस नुसती पोचली नाही, उघडलीही गेली. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ईमेल आणि अशा संदेशसेवांद्वारे बजावणीला परवानगी दिली. माझ्या मते हा बदल पक्षकारांच्या हिताचा आहे. दारावर डकवलेला कागद वाऱ्याने उडतो, फोनवरचा संदेश निदान त्या माणसापर्यंत जातो.

बजावणीतला खरा धोका पत्त्यात असतो. कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा घ्या. एक भाऊ गावी, दुसरा मुंबईत चाकरमानी. गावच्या भावाने दावा लावताना मुंबईच्या भावाचा पत्ता गावच्याच घराचा दिला, समन्स त्याच घरात कुणीतरी घेतले, आणि मुंबईत कुणाला पत्ताही लागला नाही, तर? कायद्याने ही बजावणी टिकू नये, कारण समन्स घेणारा प्रतिवादीसोबत राहणारा नाही, शिवाय त्याचे हित प्रतिवादीच्या विरुद्ध आहे. पण टिकत नाही हे कोर्टापुढे कुणीतरी सांगावे लागते, आणि सांगणाराच गैरहजर असतो. म्हणून वादपत्रावरचा पत्ता खरा आहे ना, एवढा एक प्रश्न न्यायाधीशाने वादीला मोकळेपणाने विचारला, तरी पुढची कितीतरी वर्षे वाचतात.

ज्यांना येणे शक्यच नाही अशांचाही कायद्याने विचार केला आहे. प्रतिवादी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर त्याच्यासाठी पालक नेमल्याशिवाय दावा पुढे नेता येत नाही. सीमेवर किंवा तशाच विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या जवानांसाठी १९२५ सालचा एक वेगळा कायदाच आहे. जवान अशा परिस्थितीत सेवेत असल्याचे रीतसर दाखवले गेले आणि त्याच्या वतीने कुणी उभे नसेल, तर कोर्टाने काम स्थगित करायचे. हुकूमनामा होऊन गेला असेल तर तो रद्द करून घेण्याची सोयही त्यात आहे. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरांतून फौजेत माणसे पाठवणाऱ्या गावांत हा कायदा शाळेत शिकवावा इतका कामाचा आहे. प्रत्यक्षात तो फार थोड्यांना माहीत असतो.

गैरहजेरीशिवाय आणखी एका मार्गाने प्रतिवादी निकाल ओढवून घेतो: कोर्टात येतो, वकीलपत्र दाखल करतो, पण कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देत नाही. २००२ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कोर्ट ही मुदत कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले की साध्या दिवाणी दाव्यांत ९० दिवस ही लक्ष्मणरेषा नाही, अपवादात्मक परिस्थितीत त्यानंतरही कैफियत घेता येते. व्यापारी न्यायालयातल्या दाव्यांत मात्र १२० दिवस संपले की दार बंद. तिथे न्यायाधीशाची इच्छा असली तरी मुदत वाढत नाही. धनादेश, वचनचिठ्ठी अशा लेखी व्यवहारांवर आधारलेले जे समरी दावे असतात, त्यांत समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत नुसती हजेरी लावायची असते, आणि ती चुकली की वादपत्रातले म्हणणे कबूल समजून हुकूमनामा होतो. समन्सवर कोणत्या प्रकारचा दावा आहे हे पहिल्याच दिवशी वाचायला हवे ते यासाठी. कैफियत मुदतीत न आल्यास रोजनाम्यात ‘विना कैफियत’ चालवण्याचा आदेश होतो. वकिलाने ‘पक्षकाराकडून सूचना नाहीत’ अशी पुरसिस (लेखी निवेदन) देऊन अंग काढून घेतले, तर कोर्टाने आधी पक्षकाराला नोटीस काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

आता एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला म्हणजे सगळे संपले का? याचे उत्तर भारतीय कायद्यात १९५५ सालीच मिळाले, आणि देणारे न्यायमूर्ती होते व्हिव्हियन बोस. सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. राजस्थानातल्या कोट्याच्या निवडणूक न्यायाधिकरणापुढे एका पक्षाचा वकील एका तारखेला आला नाही, न्यायाधिकरणाने काम एकतर्फी चालवले, आणि नंतर वकील आला तेव्हा त्याला भागच घेऊ दिला नाही. बोस यांनी हे चूक ठरवले. कार्यपद्धतीचे नियम माणसांना अडवून पाडण्यासाठी किंवा शिक्षा देण्यासाठी नसतात, न्यायाचे काम सुकर व्हावे म्हणून असतात, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. त्यातून निघणारा नियम आजही रोज लागू होतो. एकतर्फी आदेश झालेल्या दाव्यात प्रतिवादी पुढच्या कुठल्याही तारखेला येऊ शकतो, जिथे काम आले असेल तिथून सामील होऊ शकतो, उरलेल्या साक्षीदारांचा उलटतपास घेऊ शकतो, युक्तिवाद करू शकतो. झालेले काम मागे न्यायचे असेल, म्हणजे कैफियत द्यायची असेल किंवा झालेल्या साक्षीचा उलटतपास पुन्हा हवा असेल, तरच त्याला गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून तो आदेश रद्द करून घ्यावा लागतो. ‘एकतर्फी झालंय, आता जाऊन काय उपयोग’ म्हणून घरी बसलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. हुकूमनामा होईपर्यंत उपयोग असतोच.

समजा, तरीही कुणी आले नाही. मग वादी आपल्या सरतपासाचे शपथपत्र देतो, कागदपत्रांवर निशाणी क्रमांक पडतात, समोर उलटतपास घ्यायला कुणी नसते, वकील थोडक्यात युक्तिवाद करतो. इथे न्यायाधीशाची कसोटी लागते. प्रतिवादीने नाकारले नाही, म्हणून वादपत्रातले सगळे खरे मानून सही करून टाकणे सोपे असते. कायद्याच्या भाषेत न नाकारलेली बाब कबूल धरता येते, हेही खरे. पण त्याच नियमात पुढे म्हटले आहे की कोर्टाला वाटल्यास ती बाब पुराव्याने सिद्ध करायला सांगता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एका करारपूर्तीच्या दाव्यात बजावले की कैफियत नाही म्हणून डोळे झाकून निकाल देता येणार नाही. वादपत्रातच विसंगती असेल, दावा मुदतबाह्य दिसत असेल, कागद आणि कथन जुळत नसेल, तर पुरावा मागावा आणि निकालपत्रात कारणे लिहावीत. वादी गैरहजर माणसाकडून मागितल्यापेक्षा जास्त काही मिळवू शकत नाही, हीही एक मर्यादा. मला या टप्प्याचे महत्त्व सर्वांत जास्त वाटते. ज्या सुनावणीत समोर वकील नसतो, तिथे उलटतपासातले दोन-चार प्रश्न न्यायाधीशानेच विचारायचे असतात. बोर्डावर त्या दिवशी कितीही कामे असली, तरी.

कौटुंबिक प्रकरणांत हा टप्पा आणखी काटेकोर असायला हवा, आणि कायद्याची अपेक्षाही तशीच आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २३ मध्ये स्पष्ट शब्दांत म्हटले आहे की समोरच्याने विरोध केला असो वा नसो, घटस्फोटाचे कारण खरोखर अस्तित्वात आहे, अर्जदार स्वतःच्याच चुकीचा फायदा घेत नाही, दोघांनी मिळून बनाव केलेला नाही, अवाजवी विलंब झालेला नाही, याची न्यायालयाला खात्री पटली पाहिजे. उसन्या पैशांच्या दाव्यात न नाकारलेली रक्कम मान्य धरता येईल. लग्न मात्र नुसत्या मौनावर मोडता येत नाही. पत्नी आली नाही, तरी तिने क्रूरपणे वागवले हे नवऱ्याला सिद्ध करावेच लागते.

अडचण सुरू होते ती इथेही पत्त्यापाशीच. भांडण होऊन माहेरी निघून गेलेल्या स्त्रीचा ‘शेवटचा ज्ञात पत्ता’ म्हणून नवऱ्याने स्वतःचेच घर लिहिले, की समन्स त्याच्याच दारात येते. घ्यायला सासू असते, किंवा नाही तर पाकीट ‘नकार’ म्हणून परत जाते. मग जाहीर समन्स निघते तेही सासरच्या गावात खपणाऱ्या वर्तमानपत्रात, आणि माहेर चार जिल्हे पलीकडे. पुढे तिला कळते ते नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बातमी आली तेव्हा. जाणूनबुजून खोटा पत्ता देणे ही कोर्टाची फसवणूक आहे, आणि फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा मुळातच निरर्थक असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटले आहे. तिला कायदा साथ देतो. पण साथ मिळेपर्यंत तिच्या आयुष्याची उलथापालथ होऊन गेलेली असते, म्हणून माहेरचा पत्ता माहीत असताना तो वादपत्रात आला नाही, तर कौटुंबिक न्यायालयाने पहिल्याच तारखेला तो मागून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

याच्या उलट बाजूचे एक प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. दिल्लीत १९८९ साली एकतर्फी घटस्फोट झाला. काही वर्षांनी पत्नीने तो रद्द करायला अर्ज केला. दरम्यान नवऱ्याने दुसरे लग्न केले होते, मुले झाली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोट कायम ठेवला, कारण पत्नीने टपाल घ्यायला नकार दिल्याचे आणि तिला खटल्याची माहिती असल्याचे दिसत होते. नवऱ्याने लग्न उरकले एवढ्यानेच पत्नीचा अर्ज बाद होत नाही, पण न घेतलेले पाकीट बावीस वर्षांनीही तिच्याविरुद्ध उभे राहिले.

‘नांदायला यावे’ म्हणून नवऱ्याने लावलेला दावा तर अनेक घरांत गमतीवारी नेला जातो. नांदायचे नाही, मग कोर्टात कशाला जायचे, असा साधा विचार असतो. परंतु त्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाला आणि त्यानंतर वर्षभर दोघे एकत्र राहिले नाहीत, तर तेवढ्यावरच घटस्फोट मागता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ (१अ) मध्ये ते स्वतंत्र कारण आहे. म्हणजे पहिल्या दाव्यातली गैरहजेरी दुसऱ्या दाव्याचा पाया होते. खरे तर मारहाण होती, मागण्या होत्या, म्हणून मी नांदत नाही, हे सांगण्याची जागा तो पहिला दावाच असते. एक दिलासा अलीकडे मिळाला. असा हुकूमनामा असला, तरी केवळ त्यामुळे पत्नीची पोटगी बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.

न जाण्याची कारणे बहुधा तीन असतात: अंतर, पैसा आणि धास्ती. तिन्हींवर कायद्यात काहीतरी आहे. नवऱ्याने दूरच्या गावी अर्ज लावला असेल, तर गैरहजर राहण्याऐवजी तो आपल्या जिल्ह्यात वर्ग करून घेण्यासाठी पत्नीला उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. दोन वेगळ्या राज्यांतला प्रश्न असेल तर सर्वोच्च न्यायालयात. हिंदू विवाह कायद्यातल्या २००३ च्या दुरुस्तीनंतर तिला स्वतःचा अर्ज ती राहते तिथेच लावताही येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते. आणि कौटुंबिक न्यायालयात तर वकिलाशिवाय स्वतः उभे राहणे हाच मूळ नियम आहे, वकील परवानगीने येतात. पहिल्या तारखेला जाऊन ‘मला म्हणणे मांडायचे आहे, वेळ द्यावा’ एवढे जरी सांगितले, तरी ते रोजनाम्यात लिहिले जाते.

पोटगीत चित्र उलटे असते. तिथे बहुतेक वेळा नवरा गैरहजर असतो, आणि एकतर्फी आदेश ही स्त्रीच्या हातातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आणि तिच्या आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, नवरा मुद्दाम समन्स चुकवतो आहे किंवा येण्याची हयगय करतो आहे अशी खात्री झाल्यास एकतर्फी चौकशी करून पोटगी ठरवता येते. असा आदेश सबळ कारण दाखवून रद्द करून घ्यायला त्याला तीन महिन्यांची मुदत असते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही मिळकत-मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि हे शपथपत्र टाळत नवरा दोनपेक्षा जास्त तारखा मागत राहिला, वागणे हेतुपुरस्सर दिसले, तर त्याचा बचावच काढून टाकण्याचा विचार कोर्टाने करावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर नुसत्या शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम संरक्षण देता येते. जीव धोक्यात असताना समोरच्याची वाट पाहणे परवडत नाही.

मुलांच्या ताब्याबद्दल एवढेच सांगायला हवे की तो आदेश एकतर्फी असला तरी कायमचा नसतो. मुलाच्या हितासाठी तो केव्हाही बदलून मागता येतो.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा विषय निराळ्या वाटेने येतो. अमेरिकेतल्या फेडरल दिवाणी नियमांत ५५ क्रमांकाच्या नियमानुसार ठरावीक रकमेच्या दाव्यात प्रतिवादी फिरकलाच नाही, तर कोर्टाचा क्लार्कच निकाल नोंदवू शकतो. घटस्फोटाचे कायदे तिथे राज्याराज्यांचे वेगळे, पण विरोध न झालेले घटस्फोट लवकर होतात. नवरा तिकडून असा घटस्फोट घेतो आणि पत्नीला सांगलीत किंवा अमरावतीत ईमेलवर प्रत येते. ती इथे लागू होते का? १९९१ मध्ये मिसुरी राज्यातल्या अशाच एका घटस्फोटाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हणून सांगितले, आणि ते निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले. ज्या कायद्याखाली लग्न झाले, त्याच कायद्यातल्या कारणावर आणि त्याच्या दृष्टीने अधिकार असलेल्या कोर्टाने घटस्फोट द्यायला हवा. पत्नीने स्वेच्छेने तिथे जाऊन खटला लढवला असेल किंवा संमती दिली असेल, तर गोष्ट वेगळी. तिला नुसती नोटीस बजावली गेली, एवढे पुरेसे नाही. तिथल्या कोर्टात विरोधाचा अर्ज करावा की करू नये, हा म्हणूनच नाजूक निर्णय असतो, आणि तो दोन्हीकडचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारूनच घ्यावा.

राहिला तो प्रश्न हुकूमनामा होऊन गेल्यावरचा. बहुतेकांना हुकूमनामा कळतो तो दरखास्तीच्या, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जाच्या, नोटिशीने, नाहीतर थेट जप्तीचे वॉरंट घेऊन बेलिफ दारात उभा राहतो तेव्हा. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. दोन वर्षांच्या आत दरखास्त लावली तर आधी नोटीस देण्याचीही सक्ती नसते. इथून दोन वाटा फुटतात. एक, ९ व्या आदेशातल्या १३ व्या नियमाखाली त्याच कोर्टात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज. त्याला दोनच कारणे चालतात: समन्स रीतसर बजावले गेले नव्हते, किंवा सबळ कारणाने हजर राहता आले नाही. दुसरी वाट अपिलाची, ज्यात उपलब्ध पुराव्यावर निकालच चुकीचा आहे असे दाखवायचे. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येतात. पण अपील आधी गुणदोषांवर निकाली निघाले तर पहिली वाट बंद होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची. समन्स बजावले गेले असेल तर ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आपल्याला कधी कळले याला तिथे महत्त्व नाही. बजावलेच गेले नसेल तर कळल्याच्या दिवसापासून. इथे कायद्याने एक माणुसकी दाखवली आहे: वर्तमानपत्रातून दिलेले जाहीर समन्स या मोजणीपुरते रीतसर बजावणी धरले जात नाही. विलंब झाला असेल तर तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो, त्यात प्रत्येक दिवसाचे नाही तरी एकूण उशिराचे पटेल असे कारण हवे. हजर न राहण्याचे कारण पाहताना त्या विशिष्ट तारखेची गैरहजेरी तपासायची, आधीच्या तारखांचा राग काढायचा नाही, असे २००० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आजारपण, अपघात, चुकीची तारीख कळणे, वकिलाची चूक, ही कारणे पुराव्यासह दिली तर कोर्टे बहुधा उदार असतात. समन्स बजावण्यात किरकोळ त्रुटी राहिली, पण प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि वेळही होता, तर मात्र त्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही. ही अट १९७६ मध्ये घातली गेली. कोर्ट खर्च भरायला, काही वेळा रक्कम जमा करायला सांगते; पुणे-नागपूरसारख्या ठिकाणच्या लघुवाद न्यायालयांत तर हुकूमनाम्याची रक्कम जमा करणे किंवा तारण देणे अर्जासोबतच बंधनकारक आहे.

अर्ज मंजूर झाला तर हुकूमनामा जातो आणि दावा पुन्हा फायलीवर येतो. वादीने दरम्यान वसूल केलेली रक्कम किंवा घेतलेला ताबा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली परत मागता येतो. मात्र दावा परत येतो तो जिथे एकतर्फी झाला होता त्याच टप्प्यावर. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले: ज्या प्रतिवादींनी संधी असताना कैफियत दिलीच नव्हती, त्यांना हुकूमनामा रद्द झाल्यावर साक्षीदारांचा उलटतपास घेता येईल, युक्तिवादात भाग घेता येईल, पण नव्याने कैफियत दाखल करता येणार नाही.

आपल्या नावावर एखादा दावा आहे का, हे आता घरबसल्या पाहता येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो, त्यावरून पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. गावी जमीन असलेल्या आणि शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने, तसेच सासर सोडून माहेरी आलेल्या प्रत्येकीने, सासरच्या जिल्ह्यातल्या न्यायालयांत हा शोध अधूनमधून घ्यावा. नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिले जाते, म्हणून आडनाव पुढे-मागे करून, लग्नाआधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही नावे घालून पाहावे.